शिंगणापूरला नेलेलं दार

नागापूरच्या एमआयडीसीत लोखंडी कपाटांच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं नोकरी केली. काम तपासणीचं होतं. तयार कपाटाचं दार लावायचं, कडी नीट बसल्याचा आवाज ऐकायचा आणि मगच कपाट पुढे सोडायचं. कडी बसली नाही की कपाट परत.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. नगरला कॉलेजात होतो, तेव्हा माझे वडील, म्हणजे अण्णा, जामखेडहून सकाळच्या एसटीने माझा डबा पाठवत. वेळेवर गाडीत ठेवायला मिळावा म्हणून गावातून स्टँडपर्यंत सायकल मारत यायचे. त्या डब्यांवर मी शिकलो. पुढे नोकरी लागल्यावर गावातल्या लग्नाला येताना ते मला कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून यायला सांगत. “पोरगं कंपनीत हाय,” एवढं वाक्य त्यांना जेवणापेक्षा गोड लागायचं.

म्हणून मी नोकरी सोडून नागापुरातच एका भाड्याच्या शेडमध्ये गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं ठरवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “इतका शिकलास ते ठिणग्या उडवायला व्हय?” त्यानंतर मी फोन केला की ते तो तसाच आईच्या हातात द्यायचे.

कंपनीतले साहेब मात्र भले माणूस. मला म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत तुमची जागा भरत नाही. नाहीच जमलं, तर निमूट परत या.”

महिना संपत आला. लोक शेडमध्ये यायचे, जाळीवर बोटं वाजवायचे, पाणी पिऊन जायचे. काम कुणीच देत नव्हतं.

अशात एक मावशी आल्या. शिंगणापूरला मंदिराच्या वाटेवर त्यांचं तेल आणि रुईच्या माळांचं दुकान. म्हणाल्या, “घराच्या चौकटीला लावायला हलकी जाळी करून दे. राती कुत्री घुसत्यात स्वयंपाकघरात.” मी त्यांच्या घरी जाऊन माप घेतलं. पहिलं काम होतं, त्यामुळे जीव ओतला. बायकोने दोनदा रंग दिला. मी बिजागऱ्या बसवल्या आणि पितळी मुठीची चांगली दणकट कडी लावली. लावून पाहिली, आवाज अगदी कंपनीतल्यासारखा आला.

रंगाचा ब्रश पुसत बायको म्हणाली, “मावशींनी कडी सांगितली होती का?”

“सांगायला कशाला लागते?” मी म्हणालो.

शनिवारी लोखंड कुणी घरात घेत नाही, हे मला बरोबर आठवलं. म्हणून टेम्पो शुक्रवारचा ठरवला. आदल्या दिवशी आईने अण्णांना आमच्याकडे पाठवून दिलं. तेही टेम्पोत बसले. “देवाला तेल घालाया येतोय,” त्यांनी आधीच बजावलं. “तुझ्या धंद्यासाठी न्हाई.” सगळ्या वाटेने ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते.

जाळी उतरवून मावशींच्या चौकटीशी उभी केली. मावशी बघत राहिल्या. मग त्यांनी कडी एकदा वर केली, खाली केली.

“हे काय आणलंस, लेका?”

“दार, मावशी.”

“दार कुनी मागितलं हुतं?”

शेजारच्या ओट्यावरच्या बाया हसायला लागल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणापासून मी अण्णांचं बोट धरून या गावात येत होतो. इथल्या घरांना दारं नसतात, चौकटी उघड्याच असतात, हे तेव्हापासून बघत होतो. कुत्र्यामांजरांसाठी रात्री नुसती फळी टेकवतात. शनिवारची आठवण ठेवून मी शिंगणापुरात दार विकायला आलो होतो, तेही कडी लावून.

“आता गावात तोंड कुठं दाखवू मी?” मावशी म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. “देव म्हनंल, म्हातारीचा माझ्यावरचा इस्वास उडाला.”

मी टेम्पोकडे पाहिलं. अण्णा खाली उतरत होते. काही बोलतील म्हणून मान खाली घातली. ते सरळ जाळीपाशी आले, धोतराचा काचा खोचला आणि जाळी दोन्ही हातांनी धरली.

“काढ ते कडीचं झेंगट,” म्हणाले. “धरतो मी. डोळं सांभाळ.”

टेम्पोतला ग्राइंडर काढला, मावशींच्या घरातून वायर ओढली. ग्राइंडरच्या ठिणग्या अण्णांच्या पायाशी पडत होत्या आणि ते हलत नव्हते. कडी गेली, बिजागऱ्या गेल्या. कडा घासून गुळगुळीत केल्या, कापलेल्या जागी रंग लावला. जाळी चौकटीला टेकवली, ती हलकी आणि नीट बसली. मावशींनी एका हाताने उचलून बाजूला ठेवून पाहिली आणि आत चहा ठेवायला गेल्या.

चहा होईपर्यंत शेजारणीने आपली चौकट दाखवली. तिच्यापलीकडच्या घरचे आजोबा म्हणाले, “मला बी एक कर. पण कडी नको बाबा.” मी टेप काढला. अण्णांनी न सांगता त्याचं दुसरं टोक धरलं.

“तुमी कोन ह्यांचे?” आजोबांनी विचारलं.

“मी? ह्याच्या कंपनीत हेल्पर हाय,” अण्णा म्हणाले.

टेपवरचा आकडा मला दिसेना. डोळे पुसून पुन्हा माप घ्यावं लागलं.

मग आम्ही दोघांनी मिळून शनिदेवाला तेल घातलं. परतताना अण्णा वाटभर बोलत होते. आईला फोन लावून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यात कडी टेम्पोच्या चाकाएवढी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन करून जागा भरा म्हणालो. कारण विचारल्यावर शिंगणापूरचं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“माझ्या बंगल्याला एक गेट पाहिजे,” शेवटी म्हणाले. “पण त्याला मात्र कडी लावा.”