वेल्श शिकणाऱ्या नातीकडे चार दिवस

सुजाताचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या घरात वाटाणे सोलत बसले होते. माझी लेक रडत नव्हती, पण नाक ओढत होती, आणि तिचं ते नाक ओढणं मी तेहेतीस वर्षं ओळखते. बँगोरच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली म्हणून ती मागच्या वर्षी उत्तर वेल्समध्ये कार्नार्वनला राहायला गेली. तिकडच्या सरकारी शाळा वेल्शमधून चालतात. बाहेरून आलेल्या मुलांना कौन्सिल आधी एका भाषाकेंद्रात घालते. एक टर्मभर आठवड्यातले बरेच दिवस नुसतं वेल्श. आमची नात मैत्री आठ वर्षांची. ती रोज केंद्रातून दमून घरी येते, दप्तर टाकते आणि सोफ्यावर पालथी पडते, असं सुजाता सांगत होती. शुक्रवारी केंद्रात पालकांची दुपार होती. त्यानंतर ती ठरवणार होती की तिथेच राहायचं, की इंग्रजी शाळा असलेल्या दुसऱ्या कौंटीत घर बघायचं.

मी म्हटलं, काही ठरवू नकोस, मी येते आणि त्या कौन्सिलवाल्यांशी बोलते. आठ वर्षांच्या पोरीला असं पाण्यात ढकलतात होय! मिलिंद, म्हणजे माझा नवरा, पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "काहून एवढी तापून राहिली तू? सुजाताची भाषा बुडवायला तुला तर कौन्सिलही लागली नव्हती."

तो नागपूरचा आहे, बोलून मोकळा होतो. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, पण तो खरं तेच बोलला होता. सुजाताला मराठी धड बोलता येत नाही, आणि ते माझ्यामुळे. त्यात माझ्या वडिलांचा एक विषय होता, जो मी लेकीला कधी सांगितला नव्हता. मिलिंदला तो ठाऊक होता. निघायच्या आदल्या दिवशी गाडीच्या टायरमध्ये हवा भरताना तो एवढंच म्हणाला, "या खेपेला सांगून टाक."

बुधवारी सकाळी सातला निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते: ए-३४ने ऑक्सफर्ड, मग एम-४०, बर्मिंगहॅमला वळसा घालून श्रूसबरी आणि तिथून ए-५. सॅट-नॅव्ह साडेपाच तास सांगतो, त्यावर जाऊ नका, आम्हाला आठ लागले. मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, तरी मिलिंदला हायवेवरच्या सर्व्हिसेसवर थांबून चिप्स खायचेच असतात. पेट्रोल श्रूसबरीलाच भरून घ्या. पुढे वेल्समध्ये वस्ती लागली की वेग ताशी वीस मैलांवर येतो, तेव्हा पायाला सवय करा.

हद्द ओलांडली की पाट्या दोन भाषांत सुरू होतात. पुढे डोंगरात शिरल्यावर वेल्श वर आणि इंग्रजी खाली. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आराफ' लिहिलेलं दिसतं, म्हणजे हळू. मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. त्यातली बरीच अक्षरं इंग्रजीसारखी बोलायची नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे मी वाचलेलं एकही गाव खरं नव्हतं. लँगोलेनला नदीकाठच्या टपरीवजा कॅफेत चहा आणि 'बारा ब्रिथ' घेतलं. हा मनुका घातलेला पाव, वर लोणी. दोघांचं मिळून दहा पौंडांच्या आसपास. काउंटरवरची बाई मागच्या माणसाशी वेल्शमध्ये बोलत होती आणि आमच्याशी इंग्रजीत, मधे श्वासही न घेता.

लॅनबेरिसच्या घाटात रस्ता इतका अरुंद आहे की समोरून बस आली तेव्हा मी डोळे मिटले. तिथे फोनला रेंजही नसते. घाट उतरला की पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणी दिसतात, डोंगरच्या डोंगर काळेनिळे. मिलिंदने गाडी बाजूला घेतली. मी खाली उतरून एक चीप उचलली, बोट ओलं करून तिच्यावर रेघ ओढली, आणि बाप्पा, मला भंडाऱ्याजवळची आमची झेडपीची शाळा आठवली! कौलातून पडणारे उन्हाचे ठिपके, सारवलेल्या जमिनीचा वास, आणि पाटी थुंकीने पुसली म्हणून ओरडणारे गुरुजी. ते गुरुजी म्हणजे माझेच बाबा. वर्गात मी त्यांना बाबा म्हटलं तर ते ओ द्यायचे नाहीत. घरी मात्र जेवताना म्हणायचे, आपल्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही, तू आत बसतेस, तर नीट बस. त्या शाळेची मला फार आठवण येते. वय झालं की येते म्हणतात, पण मला विशीतही यायची.

गुरुवारी सुजाता कामावर होती आणि जावई त्या आठवड्यात लंडनला, म्हणून मैत्रीला सकाळी आम्हीच तयार केलं. कौन्सिलची टॅक्सी दाराशी येते आणि मुलांना केंद्रात नेते, पैसे पडत नाहीत. मैत्री मुकाट्याने चढली. जाताना टॅक्सीवाल्याला 'बोरे दा', म्हणजे सुप्रभात, म्हणाली, तोही म्हणाला. मग आम्ही दोघं गाव फिरलो. किल्ल्याखाली नदीकाठी गाडी लावायला दिवसाचे पाच-सहा पौंड, सकाळी दहाच्या आत जागा मिळते. किल्ला बघा, पण त्याहून गल्ल्या बघा. बेकरीत, पोस्टात, औषधाच्या दुकानात म्हाताऱ्या बायका वेल्शमध्ये भांडत, हसत होत्या. शाळा सुटल्यावर चिप्सच्या रांगेतली पोरंही तेच बोलत होती. मी बाकावर बसून नुसती ऐकत राहिले. एक शब्द कळत नव्हता, पण आपल्या भाषेत बेफिकीर बोलणारी पोरं मी कित्येक वर्षांत जवळून ऐकली नव्हती. मला हेवा वाटला, अगदी खराखुरा.

शुक्रवारी दुपारी केंद्र. जुन्या शाळेच्या आवारातली दोन खोल्यांची इमारत, आत दहाएक मुलं: मँचेस्टरची, पोलंडची, एक केरळची, आणि आमची. नेरिस नावाच्या बाई शिकवतात, पन्नाशीच्या, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. मी भांडायचे मुद्दे फोनमध्ये लिहून नेले होते. पण दाराशीच त्यांनी इथली पद्धत सांगितली. या दुपारी मुलं शिक्षक होतात आणि मोठी माणसं विद्यार्थी. तासभर इंग्रजी बंद. अडलं तर हातवारे करा, किंवा घरची भाषा बोला.

मला बुटक्या खुर्चीत बसवलं. मैत्रीने माझ्यासमोर भाज्यांचं खोटं दुकान मांडलं आणि सफरचंद मागायचं वाक्य शिकवायला घेतलं. माझं चुकलं. पुन्हा चुकलं. तिने मान हलवली, वाक्याचे तीन तुकडे केले, एकेक तुकडा माझ्याकडून घोटून घेतला, मग जोडला, आणि जमलं तेव्हा जरासुद्धा न हसता सफरचंद माझ्या हातात ठेवलं. सोफ्यावर पालथी पडणारी पोरगी ही नव्हेच. सुजाता शेजारच्या खुर्चीतून बघत होती. अडल्यावर मला इंग्रजी बोलायला बंदी होती, म्हणून मी सहज मराठीत म्हणाले, "थांब गं, श्वास घेऊ दे." मैत्रीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खिशातून ससा काढला. मी तिच्याशी कधी मराठीत बोललेच नव्हते.

तास संपल्यावर नेरिस चहा घेऊन आल्या. मी फोन काढला, माझे मुद्दे सुरू केले: मूल थकतं, घरी वेल्श कुणाला येत नाही, आम्ही कशी मदत करणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थकतं, म्हणाल्या, पहिली टर्म सगळीच थकतात. मग विचारलं की तुम्ही तिच्याशी घरी कोणती भाषा बोलता. मी म्हटलं, इंग्रजी, तिला सोपं जावं म्हणून.

"वेल्श आम्ही बघतो," त्या म्हणाल्या. "इंग्रजी तिला रस्त्यावर मिळेल. पण तुमच्या भाषेची बाई कौन्सिलकडे नाही. ती तुम्हीच आहात."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, वर साखर हवी का विचारलं. मला तिथे बसवेना. मी उठून बाहेर आले, आवाराच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. समोर मेनायची खाडी, पलीकडे अँगल्सी बेट. सुजाता मागून आली आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारू लागली. मला रडू फुटलं आणि मी सांगून टाकलं.

सुजाता तीन वर्षांची असताना आम्ही या देशात आलो तेव्हा ती घडाघडा मराठी बोलायची. पाचव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं की मुलगी दोन भाषांची सरमिसळ करते, घरी फक्त इंग्रजी बोला. शाळेने सांगितलं म्हणजे संपलं! मी गुरुजींची पोर, शाळेचा शब्द आमच्या घरात कुणी कधी मोडला नव्हता. मी घरात कायदाच केला. आणि त्याच उन्हाळ्यात बाबा आले, आयुष्यात एकदाच, सहा आठवड्यांसाठी. येताना नातीसाठी अंकलिपी घेऊन आले. ती मी विमानतळावरून घरी आल्या आल्या कपाटावर ठेवली आणि त्यांना सांगितलं, बाबा, तिच्याशी मराठीत बोलायचं नाही, शाळेने मना केलंय. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, बोलायला फक्त 'गुड' आणि 'व्हेरी गुड'. चाळीस वर्षं मुलांना बोलायला शिकवलेला माणूस. त्यांनी माझा शब्द पाळला.

हे सगळं मी सुजाताला इंग्रजीत सांगितलं, कारण दुसऱ्या भाषेत तिला कळलं नसतं. ती बेटाकडे बघत म्हणाली, तिला ते सहा आठवडे आठवतात. आजोबा बागेतल्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघायचे, हसायचे आणि गप्प राहायचे.

"मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही," ती म्हणाली. "आजपर्यंत तेच वाटत होतं."

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो खिशात घातला. आत जाऊन तिने नेरिसकडच्या फॉर्मवर सही केली, मैत्री तिथेच राहणार म्हणून, आणि आम्ही गाडीत बसलो. संध्याकाळी तिने आम्हाला गावातल्या चांगल्या जागी फिश अँड चिप्स खाऊ घातले, पण माझ्याशी मीठ आणि व्हिनेगरपुरतंच बोलली. ती चिडली होती, आणि तिचा तो हक्क होता. मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी परतीला लागलो. आम्ही उतरलो होतो तो बी-अँड-बी रात्रीला नव्वद पौंडांच्या आसपास होता, नाश्ता भरपेट, शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा. घाट नको म्हणून किनाऱ्याकडून ए-५५ने आलो. तो रस्ता सोपा आणि समुद्र डाव्या हाताला राहतो. मिलिंद गाणी लावत नव्हता म्हणजे त्यालाही माझी काळजी वाटत होती. चेस्टरपाशी पाट्यांवरचं वेल्श संपलं आणि मला ओकंबोकं वाटायला लागलं.

घरी येऊन दोन आठवडे झाले. दर रविवारी मी मैत्रीशी व्हिडिओवर मराठीत बोलते. ती मला आता 'नाइन' म्हणते, तिकडे आजीला तसंच म्हणतात, आणि मी तिला आजी म्हणायला शिकवतेय. जायचंच झालं तर डोंगर बघायला जा, किल्ला बघायला जा, पण एका शाळेच्या फाटकाशी उभं राहून तिथली पोरं ऐका, एवढंच मी सांगेन. आपण काय सोडून दिलं ते तिथे कळतं, आणि फार जोरात कळतं.

सुजाताचा मात्र फोन नव्हता. मैत्रीला स्क्रीनसमोर बसवून ती बाजूला व्हायची. काल दुपारी तिचा व्हॉइस मेसेज आला. मराठीत. शब्द लिहून काढून वाचल्यासारखा, मधे मधे थांबत. "आई, आजोबा बोलला असता, तर मला काय बोलला असता?"

मी तो तीनदा ऐकला. मग उठून बागेत गेले, कारण उत्तर मला ठाऊक होतं. त्या सहा आठवड्यांत, सुजाता आंघोळीला गेली की बाबा रोज स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभे राहायचे आणि आज तिला काय विचारायचं होतं ते मला सांगायचे. मी पोळ्या लाटत नुसतं 'हं' म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं झाली. सगळं आठवत नाही, पण बरंच आठवतं.

मी तिला फोन लावला. तिने उचलला. मी मराठीतच, हळूहळू म्हणाले, पहिल्या दिवशी त्यांना तुला विचारायचं होतं, हे लाल बूट कुणी निवडले?

मग तिने नाक ओढलं.

"मी," सुजाता म्हणाली. "आजोबा, मी निवडला."