काळी पाचचा हट्ट

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. "त्या टेलिफोनवाल्या बाईंचा गळा तुम्ही कसा काय घडवलात?" असं कुणी कौतुकाने विचारलं, की मी हसून चहा मागवायचो.

मुलुंडला आमच्या हॉलमध्ये मी गाण्याचे क्लास घेतो. पहिली बेल वाजली की हातातला कप तसाच ठेवून अजूनही दाराकडे धावतो. कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही! एका चिमुरडीचे पुढचे दोन दात पडले, तर तिच्या 'सा'तून शिट्टी यायला लागली, आणि पोरगी त्या शिट्टीवरच इतकी खूश, की थांबेचना. बँकेतले एक साहेब वरच्या सुराला हमखास डावा खांदा उचलायचे, जणू सूर खिशात अडकलाय.

टेलिफोनवाल्या बाई कांजूरमार्गहून यायच्या. ऑपरेटरच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, आयुष्यभर फोनवर लोक मला भाऊ म्हणाले. आता एकदा तरी स्टेजवर बसून एकटीने भजन म्हणायचंय."

सगळे हसले. मीही हसलो आणि त्यांना बायकांच्या बॅचमध्ये बसवलं, काळी पाचमध्ये.

इथेच चुकलो. प्रत्येक गळ्याचा सा वेगळा असतो. पेटीच्या ज्या पट्टीवर तो आरामात बसतो, ती त्या माणसाची पट्टी. काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी, ही उंच पट्टी. पण माझ्या गुरूंकडे सगळ्या बायका काळी पाचमध्येच गायच्या, म्हणून माझ्याकडेही. यापलीकडे मी कधी विचारच केला नाही. बाईंचा आवाज फाटायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. मी म्हणायचो, "गळ्यात तयारी नाही, घोटा." दोन वर्षं त्यांनी घोटलं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मी त्यांच्या हातात टाळ द्यायचो आणि हळूच सांगायचो, "तुम्ही फक्त ओठ हलवा."

"शाळेतल्या बाईही हेच सांगायच्या," त्या म्हणाल्या होत्या. आणि टाळ अगदी लयीत वाजवला होता.

मग तो रविवार आला. बँकवाले साहेब तालमीला बसले होते. त्यांची पट्टी काळी दोन, बरीच खालची. बाई लवकर आल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघरात माझ्या बायकोबरोबर बिरडं सोलत बसल्या. साहेबांनी भजनाची ओळ घेतली आणि आतून तीच ओळ आली. भरदार, गोल, तुपासारखी. मला वाटलं, बायकोने रेडिओ लावला. साहेबांचा खांदा उचललेलाच राहिला.

"सर, हे कोण?"

मी उठून आत पळालो! बाई घाबरून उभ्या राहिल्या. "सॉरी हां सर, चुकून तोंडातून निघालं."

"चुकून? परत काढा! चला बाहेर, चला!"

"अहो, हातातलं बिरडं तरी ठेवू द्या त्यांना," बायको ओरडली.

ठेवू कसलं देतो! मी त्यांना पेटीसमोर बसवलं आणि काळी दोनचा सा धरला. त्या खाली पंचमापर्यंत उतरल्या, तर तिथेही आवाज भरलेला. वर गेल्या, एक शीर फुगली नाही. माझ्या अंगावर काटा आला, साहेब मांडीवर थापा मारत होते, आणि बाई आमच्याकडे बघून विचारत होत्या, "बरं येतंय का?" क्लास घेण्याचं सगळं सुख त्या पाऊण तासात होतं.

साहेब म्हणाले, "सर, हे झालं कसं?"

मी म्हणालो, "दोन वर्षं घोटून घेतलं, तेव्हा आज गळा उघडला."

इतकं सहज निघालं ते. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेला बाई एकट्या गायल्या. सोसायटीचा हॉल उभा राहिला. माइकवर त्या म्हणाल्या, "माझ्या गळ्यात काही नव्हतं. जे आहे ते सरांचं." पाया पडल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

आता गुडघ्यांमुळे त्यांना येता येत नाही. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, आवाजात नुसता उत्साह. "सर, मीपण शिकवते आता! शेजारच्या दोन पोरी येतात. एकीला काळी पाच झेपत नाही हो, रडते. पण मी सोडत नाही. तुम्ही मला घोटून घेतलंत ना, तसंच."

"तिला काळी दोनमध्ये बसवून बघा," मी म्हणालो.

"छे! तुमची पद्धत मोडू काय? आधी गळा उघडू दे."

वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं.

"सर? ऐकताय ना?"

"हो. रियाज चालू ठेवा," म्हणालो आणि फोन ठेवला.

ते वाक्य असं होतं: बाई, तुमचा गळा पहिल्या दिवसापासून उघडाच होता, मीच तुम्हाला चुकीच्या पट्टीत बसवलं, मला माफ करा, आणि त्या पोरीला आजच खाली उतरवा.