माडीवरचे इंजिनियर

आमच्या माडीवर पाणीपुरवठ्याचे इंजिनियर राहतात. चहा घेणार की कॉफी, एवढंही त्यांना पटकन ठरवता येत नाही. मी तर तरुणपणी नुसती मिशी बघून नवरा पसंत केलता! परवा ते दमून पायरीवरच बसले. मोठ्या पंपगृहाच्या मोटारी ठरवून आले होते.

"हाय व्होल्टेजच्या मोटारीला केबल बारीक लागती, आज्जी. पन ती मोटार जळाली तर आतल्या तारांचं वाइंडिंग भरायला पार पुन्याला न्यावी लागती. तवर गावं कोरडी. लो व्होल्टेजची हितं जवळ तेलगावातबी भरून मिळती."

"मग?"

"लो व्होल्टेजच घेतली. जाड केबलचा खर्च बघून सायेब लई बोलले."

"आन् तुमी?"

"बोलनी खाल्ली. पानी तर यील," म्हणाले, आणि बूट न काढताच भिंतीला टेकून झोपले.