शिकारीच्या डोंगरावर आलेली हाक

आधी नाव सांगतो — अनसूयाबाई. किनवटच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एका वाडीवर राहते, साठीच्या पुढची असेल. ती नसती तर हे लिहायला मी राहिलो नसतो.

भूत, चकवा असलं काही मी मानत नव्हतो. आठवीत शाळा सोडली, तवापासून रस्त्याच्या कामावर आहे, रोलर चालवतो. स्मशानाच्या कडेलासुद्धा तंबू ठोकून निवांत झोपलोय. लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या.

माझं गाव निलंग्याकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. यंदा काम निघालं ते पार दुसऱ्या टोकाला, किनवटच्या जंगलात. बायको पहिल्या बाळंतपणाला लातूरच्या दवाखान्यात, अन् इकडं कॅम्पवर रेंजच नाही! फोन कुठून लागेल, विचारत सुटलो. मुकादम म्हणाला, "शिकारीच्या डोंगरावर जा. वरच्या खडकावर दोन काड्या येतात. पण पायवाट सोडू नको लेका, बाप व्हायचंय ना तुला?"

निजामाच्या काळात तिथं साहेब लोक शिकारीला यायचे म्हणे, म्हणून ते नाव. आता बंदी आहे, तरी चोरून चालतेच.

ऊन पडल्यावर निघालो. वाट कसली, नुसते दगड... अर्ध्यावर एका मोठ्या खडकापाशी ती हरवलीच. बघतो तर पुढं झुडपांना पळसाच्या पानांच्या गाठी मारलेल्या, ओळीनं. आमच्याकडं जत्रेला पायी जाणारे मागून येणाऱ्यांसाठी अशाच चिंध्या बांधत जातात — वाट इकडून आहे म्हणून. मी खुश! गाठी बघत बघत चालत राहिलो.

तेवढ्यात मागून हाक आली... "तम्मा! निंद्रू!"

कानडी. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, निंद्रू म्हणजे थांब. मला तम्मा म्हणणारी एकच — माझी अक्का. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. अन् आवाज तिचाच... लहानपणी मी विहिरीकडं पळालो की जसा रागावून यायचा, अगदी तसा.

उचललेला पाय मागं घेतला. वळून बघितलं — कुणी नाही.

मग खालच्या मोहाच्या झाडाखालून एक म्हातारी ओरडली, "ए बाप्पा! तिथं काय करून राहिला? हलू नको!" मोहफुलांची टोपली ठेवून ती वर आली. हळूहळू, एकेक झुडूप हातानं चाचपत. डोळ्यांत मोतीबिंदू होता तिच्या. मी खाली बघितलं, तर माझ्या पायापुढं पाल्यात कणकेचा एक गोळा पडलेला.

"हे काय, मावशी?"

"डुकराचा बॉम्ब. चोरटे शिकारी आत बारूद भरून ठेवतात. पाय पडला असता तर पाय राहिला नसता. गाठी ते कशाला बांधतात? इकडं येऊ नका म्हणून! अन् तू गाठी धरूनच चालला? कुठला रे तू शहाणा?"

"निलंग्याचा," म्हणालो.  तिनं लहान पोराला नेतात तसं हाताला धरून मला वाटेवर आणलं, पाणी पाजलं. मग इकडं तिकडं बघत म्हणाली, "तुझी बाई कुठाय?"

"कोण बाई?"

"आता ओरडली ती. तिच्या आवाजानं तर मी वर बघितलं. नाहीतर मला काय दिसते एवढ्या लांबचं? काय बोलली ते समजलं नाही. तेलंगी नव्हतं, तेलंगी मला समजते."

मला रडूच फुटलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "बस झालं. घरी फोन लाव आधी."

खडकावर फोन लागला. मुलगी झाली होती, दोघी ठीक. मी वरूनच ओरडलो, "मावशी, पोरगी!"

"मग आता तरी पायाखाली बघून उतर!"

कुणी म्हणेल, काळजीनं कान वाजले. माझे वाजले असतील. पण अनसूयाबाईचे? तिनं तर अक्काला कधी पाहिलं नाही, की कानडी ऐकली नाही...  

एक मात्र ठरवलंय. तिचे डोळे मी करून आणणार. नांदेडला नेईन, पट्टी सुटेपर्यंत तिच्या उशाशी बसेन. अन् पट्टी सुटली की पहिल्यांदा माझी पोरगी तिच्या मांडीवर देईन. कधी जमेल सांगता येत नाही, पण देईनच.