चंद्राबाईच्या हातचं कुणीच नाही

वालचंदनगरच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या करुणाबाईंनी १९९४च्या उन्हाळी सुटीत आपल्या आजीवर कादंबरी लिहायला घेतली. आजी चंद्राबाई डाळजची सुईण. हाक आली की अर्ध्या भाकरीवरून उठायची, बदल्यात शेरभर जोंधळे आणि जुनं लुगडं घेऊन परतायची. पण ऐतिहासिक कादंबरी म्हटली की घोडा हवाच! बाईंनी पहिल्याच प्रकरणात आजीला घोड्यावर बसवलं आणि आईला, ताईबाईला, वाचून दाखवलं.

"अगं, माझ्या सासूला कुणी बैलगाडीत घेत न्हवतं," ताईबाई म्हणाली. "तू घोडा कुठनं आणलास?"

मग बाई संशोधनाला निघाल्या. आजीच्या हातून जन्मलेल्या एका तरी माणसानं तसं तोंडानं कबूल करावं, एवढीच त्यांची मागणी. नाहीतर आजी म्हणजे नातीनं रचलेली गोष्ट ठरणार होती.

डाळजकरांची विसरण्याची ताकद मात्र दांडगी. दत्तोबांच्या आईची सगळी बाळंतपणं म्हणे माहेरी झाली. झुंबरतात्या थेट दवाखान्यातच जन्मले. त्या काळी पंचक्रोशीत दवाखाना नव्हता, ही किरकोळ अडचण. माजी सरपंच जोतीरामआबांनी चांगल्या कपात चहा दिला आणि बजावलं, "आमच्यात भाईरची बाई उंबऱ्याच्या आत येत न्हवती, बाई." एकंदरीत गाव आपोआपच उगवलं असावं. बाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. कप तसाच ठेवून त्या उठल्या.

तेवढ्यात आबांची म्हातारी आई, बनाबाई, काठी टेकत बाहेर आली.

"बस खाली, पोरी. ह्यो माझ्या पोटात आडवा आला व्हता. तुझ्या आजीनं हात घालून सरळ केला, न्हायतर आमी दोघंबी तवाच गेलो आस्तो."

"आये, गप की," आबा कसनुसे झाले.

"का गप? आजवर गपच व्हते की." म्हातारी बाईंकडे वळली. "लिव. आन फुडचंबी लिव. ती उंबऱ्याभाईर पडली तशी मीच सासूला म्हनलं, घरात गोमूत्र शिंपडा." तिनं काठी लेकावर रोखली. "पैलं ह्याच्या अंगावर. तिचा हात लागला व्हता न्हवं!"