शिडशिडीत अक्षराचं कोडं

भिंगनानांना आयुष्यात एकच कोडं सुटलं नव्हतं, आणि नेमकं तेच आता भरसभेत विचारलं जाणार होतं.

छापखानेवाल्यांच्या संघटनेनं त्यांचा सत्कार ठरवला होता. कारण ‘शिडशिडीत’ हा त्यांनी काढलेला अक्षरांचा टाइप. वाचता येणाऱ्या माणसानं हा टाइप पाहिलेला नाही असं होणं कठीण. शाळेची पुस्तकं, औषधांची खोकी, बसमधल्या पाट्या, आता तर फोनमध्येसुद्धा तोच. अंगानं अरुंद, तरी वाचायला मोकळा. पानात मजकूर जास्त बसायचा म्हणून आधी वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, मग सगळ्यांनीच. संघटनेचे चिटणीस घरी येऊन लाघवीपणे म्हणाले, “नाना, भाषण नको. अक्षर इतकं अरुंद करायचं कसं सुचलं, तेवढं सांगा.”

नाना हो म्हणून बसले. चिटणीस गेले आणि यांचा चेहरा पडला. कारण त्यांनी ते अक्षर अरुंद केलंच नव्हतं.

नाना टाइपाचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ओतणाऱ्या कारखान्यात चित्रकार होते. गळ्यात कायम भिंग, म्हणून भिंगनाना. एकेक अक्षर वीतभर उंचीचं, ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचं. शेजारच्या खोलीत त्यांचा जिवलग दोस्त साचे कोरायचा. त्याच्या यंत्राची काडी चित्राच्या कडेवरून फिरली की दुसऱ्या टोकाला पितळेत तेच अक्षर मुगाएवढं कोरलं जाई. दोघं जेवतानासुद्धा अक्षरांच्या पोटांवरून भांडायचे. पुढे नानांनी या दोस्ताच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं, आणि दोस्ताचा मेहुणा झाला.

तो टाइप नानांनी काढला तेव्हा चांगला ऐसपैस होता, गोलाला गोल. छापून आलेला पहिला कागद पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक अक्षर आखडलेलं, जणू श्वास रोखून उभं! नानांनी कपाटातून मूळ चित्रं काढून मोजली. ती होती तशीच रुंद. मग मधल्या मध्ये हात मारला कोणी? चित्रं नानांकडून थेट मेहुण्याकडे जायची, तिसरं कोणी नव्हतंच.

“मी चित्राबाहेर केसभर गेलेलो नाही,” मेहुणा म्हणाला.

“मग काय अक्षरं उपाशी राहिली?” नाना सगळ्यांदेखत ओरडले. त्या दिवसापासून त्यांनी मेहुण्याशी बोलणं टाकलं. टाइप गाजला, नानांचं नाव झालं, तरी नाही. नानी माहेरी एकटी जायची आणि एकटीच यायची. आपण बरोबर आहोत याची नानांना पुरती खात्री होती, आणि अशा माणसाला समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

सत्कार जवळ आला तसे नाना घरभर येरझाऱ्या घालू लागले. काय सांगायचं? सुचलं म्हणावं तर धडधडीत खोटं. मेहुण्यानं बिघडवलं आणि ते लोकांना आवडलं म्हणावं, तर उभ्या गावात त्याची शोभा.

नानी शिवणकाम करायची. त्या दुपारी ती आपल्याच कामावर चिडली होती.

“कमरेत घट्ट झाला हो झगा! माप बरोबर होतं. कागदी नमुना इस्त्रीपाशी टांगला होता, तो मेला आखडला.”

नाना थांबले. “लांबीतसुद्धा?”

“नाही, रुंदीतच. तुम्हाला कशाला हवंय?”

नानांनी नानीच्या नमुन्यांच्या गुंडाळीतला ट्रेसिंग पेपर फाडून घेतला, त्यावर कंपासनं गोल काढला आणि इस्त्रीच्या टेबलापाशी टांगला. नानी इस्त्री फिरवत राहिली, नाना भिंग घेऊन पहारा देत राहिले. मग मोजलं. गोल अंड्यासारखा झाला होता. अगदी थोडा, पण झाला होता.

“आता किटली ठेव.”

“चहा आत्ताच झाला ना?”

“वाफ हवीय.”

वाफेवर धरलेला कागद हळूहळू फुगला. पुन्हा मोजलं, तर गोल पुन्हा जागेवर.

नाना स्टुलावर बसले आणि तिला सांगू लागले. कारखान्यात शिसं वितळवायच्या भट्टीमागची भिंत उबदार असे. शाई लवकर सुकावी म्हणून तिथं चित्रं टांगायची सवय त्यांचीच. मेहुणा तिथूनच ती उचलून यंत्राखाली घ्यायचा, गरमागरम आणि आखडलेलीच. काम झालं की चित्रं ओलसर कपाटात जात आणि गुपचूप पुन्हा रुंद होत.

“म्हणजे दादा खरं सांगत होता,” नानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मी त्याला कितीदा म्हटलं असेल, तूच माफी माग म्हणून.”

नानांनी कागद घेतला, चपला घातल्या आणि निघाले.

मेहुण्यानं दार उघडलं. ‘ये’ म्हणाला नाही, पण बाजूला झाला. नानांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भिंत, भट्टी, कपाट. मेहुण्यानं कागद हातात घेऊन उजेडात धरला.

“कपाटात परत फुगायचं?”

“फुगायचं.”

“आणि रुंदीतच?”

“रुंदीतच. कागदाचे धागे उभे, म्हणून तो आडवाच आखडतो.”

दोघांची डोकी कागदावर वाकली. मग मेहुणा एकदम सरळ झाला.

“सभेत काय सांगणार?”

“हेच. भट्टीनं केलं, आणि दोष मी तुला दिला.”

“मला काय वाटायचं माहीत आहे? माझाच हात सरकला असणार. रोज वाटायचं. विचारणार कोणाला? अक्षराबद्दल बोलावं असा एकच माणूस होता मला, आणि तो तू.”

“माझं चुकलं रे.”

“चुकलंच!” मेहुण्याचा आवाज फाटला. “आज मला पोटभर रागावू दे. जा तू. उद्या ये.”

नाना कागद घेऊन, मान खाली घालून जिना उतरू लागले. अर्ध्यावर पोचले तेव्हा वरून हाक आली.

“सकाळीच ये. आणि तो कागद ठेवून जा इथे.”