घोरावाडीचं बुरशीचं पिंप

कराडात आमचा फर्निचरचा लहानसा कारखाना आहे. पॉलिश मारणाऱ्या बायकांचं डोकं थिनरच्या वासाने सारखं दुखायचं. घोरावाडीजवळच्या एका शेडमध्ये थिनरचे वाफारे चक्क बुरशीकडून गाळून घेतात असं कानावर आलं, म्हणून मी बघायला निघाले. पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीत बसले आणि नेमकी एक स्टेशन अलीकडे, बेगडेवाडीला उतरले. रिक्षावाल्याने अर्ध्या वाटेत सोडलं. उरलेली वाट उन्हातून तुडवली.

शेडमध्ये लोखंडी कपाटांना फवाऱ्याने रंग देतात. तिथले जुने रंगारी सखारामआबा यांनी मला आत नेलं. रंगाच्या खोलीतली हवा पंखा ओढून घेतो आणि एका उंच पिंपातून बाहेर सोडतो. आबांनी झाकण काढलं. आत लाकडाच्या ढलप्या, त्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी. वाफारे हेच तिचं खाणं.

"हिला ओल लागती," आबा म्हणाले. "वाळली की मेली. म्हनून मीच पानी शिंपतो."

मग त्यांनी मला बाहेरच्या नळीपाशी उभं केलं. "ताई, हितं वास घ्या. थिनरचा येतोय का?"

"नाही. भिजलेल्या लाकडासारखा येतोय."

"नक्की?"

"तुम्हाला नाही येत?"

"मला कसलाच येत न्हाई. थिनरनं नाक गेलं. म्हनून येईल त्याला इचारतो. मालक म्हनतात वास गेला, पन पिंप त्येंनीच बसवलंय. ते दुसरं काय म्हननार?"

त्यांची बायको हौसाबाई याच शेडमध्ये कपाटं घासायची. खोकला लागला, वाढत गेला. पिंप बसवायच्या आधीच्या पावसाळ्यात ती गेली. थिनरमुळेच का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

लोहगड बघायचाय असं मी बोलले, तर आबा म्हणाले, "आमचं घर लोहगडवाडीतच हाय. जेवून जावा." लोकलने मळवली स्टेशनला उतरून आम्ही जीपने वर गेलो. दोन्हीकडची खाचरं (बांध घातलेली भातशेतं) कापून मोकळी झाली होती. सुनेने इंद्रायणीचा भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. भाताच्या वासाने घर भरलं होतं. आबा मान खाली घालून जेवत होते.

सून भांडी घेऊन मागे गेली, तसं आबांनी पत्र्याची पेटी उघडून एक हिरवं लुगडं काढलं.

"हौसाचं हाय. सून म्हनती, अजून तिचा वास येतो. तुमी बघा."

"आबा, मी त्यांना कधी पाहिलंही नाही."

"तरी बघा. तेलाचा, चुलीच्या धुराचा, कायतरी असंल."

मी लुगडं नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"फक्त पेटीचा वास येतोय, आबा."

त्यांनी लुगडं माझ्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवून सावकाश घडी केली. "व्हय. लय दिस झालं," म्हणाले. पेटी लावली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "बरं केलंत. म्हंजी शेडातलं बी तुमी खरंच सांगितलंत."

रात्री तिथेच राहिले, पण गड चढायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी शेडवरून निघताना आबांनी बुरशी धरलेल्या थोड्या ढलप्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. कराडच्या बसमध्ये मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले आणि फडकं सुकलं की बाटलीतलं पाणी शिंपडत राहिले. हे पिंप एक पावसाळा आधी आलं असतं तर, हा विचार काही केल्या पाठ सोडत नव्हता. आमच्या पॉलिशच्या खोलीतल्या सगळ्याजणी अजून आहेत, एवढाच काय तो धीर.